मराठी साइटवर उकार-वेलांट्या कापल्या जातायत आणि रंग काही बदलत नाही : स्टाइलशीटमध्ये नेमका हात कुठे घालायचा?

वाचनवेल
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची साइट मी सांभाळते. वर्डप्रेसवर आहे, थीम तयार घेतलेली. डेमोमध्ये फार देखणी दिसत होती, पण डेमोतला इंग्रजी मजकूर काढून आपला मराठी टाकला आणि सगळं बिनसलं. शीर्षकांतली अक्षरं एकमेकांपासून सुटलीत, शिरोरेषा जागोजाग तुटलेली दिसते. पुस्तकांच्या चौकटीत नावांचे उकार खालून कापले जातात आणि वरून वेलांट्या नि रफार. 'मुलांसाठी पुस्तके' हा विभाग फोनवर चक्क 'मलांसाठी पस्तके' दिसतो!! वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर एक फॉन्ट, माझ्या फोनवर दुसरा, अध्यक्षांच्या आयपॅडवर तिसराच. शीर्षकांचा रंग बदलायला 'ॲडिशनल सीएसएस'च्या खोक्यात नियम लिहिला तर ढिम्म परिणाम नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो फॉन्ट बदला. मला ते पटत नाही. तोच मजकूर, तोच फॉन्ट वर्डमध्ये टाकला तर अक्षरं व्यवस्थित दिसतात, मग दोष फॉन्टचा कसा? माझ्या मते थीमच्या स्टाइलशीटमध्येच, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस नियमांच्या फाइलमध्येच, काहीतरी असं आहे जे इंग्रजीला चालतं आणि मराठीला मारतं. जाणकारांनी सांगावं. इंग्रजी पुस्तकंही यादीत आहेत, त्यामुळे सरसकट सगळं उलथून चालणार नाही.

चिमणबाग
लेटर-स्पेसिंग. डोळे मिटून सांगतो.

टपरीचहा
'मलांसाठी पस्तके' वाचून चहा सांडला. त्या चौकटीत 'पुत्र' नावाचं पुस्तक आलं की त्याचं 'पत्र' होणार, वाचक घरी नेऊन शोधत बसेल.

सह्यकडा
चिमणबागशी सहमत, आणि वाचनवेल ताईंचा अंदाज शंभर टक्के बरोबर आहे. फॉन्टला उगाच बोल लावतात लोक.

इंग्रजी थीम बनवणाऱ्यांची एक ठरलेली सवय असते, शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आणि अक्षरांत जरा मोकळी जागा. त्यासाठी दोन ओळी लिहितात, टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस आणि लेटर-स्पेसिंग एक-दोन पिक्सेल. पहिल्या ओळीचा देवनागरीवर काहीच परिणाम होत नाही कारण आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाही. दुसरीचा मात्र पुरेपूर होतो. देवनागरीत शब्द शिरोरेषेने जोडलेला असतो, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ शेजारच्या रेघेला चिकटून पूर्ण होते, मध्ये दोन पिक्सेल सरकवले की रेघ फाटणारच. त्यामुळे मराठी मजकुरावर लेटर-स्पेसिंग शून्य, यात दुसरं मत असू नये.

आता कापाकापी. इथे दोन नियम मिळून घोळ करतात. एक लाइन-हाइट, थीममध्ये शीर्षकाला बहुतेक १.१ किंवा १.२ असेल. दोन, चौकटीला ओव्हरफ्लो हिडन. नुसती लाइन-हाइट कमी असेल तर अक्षर कापलं जात नाही, ते वरच्या-खालच्या ओळीत घुसतं. पण चौकटीने 'माझ्या बाहेर जाईल ते दाखवू नका' असं सांगितलं असेल तर बाहेर डोकावणारा उकार गेला. इंग्रजीत अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं म्हणून १.१ खपून जातं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय 'ट्ट'सारखी एकाखाली एक जोडाक्षरं. शीर्षकाला १.४ ते १.५ आणि परिच्छेदाला १.७ च्या आसपास ठेवा, फॉन्टप्रमाणे थोडं पुढेमागे.

आणि एक कळीची गोष्ट, लाइन-हाइट देताना आकड्यापुढे पिक्सेल लिहू नका, नुसता आकडा द्या. सगळ्या पानाला २४ पिक्सेल दिलीत तर तो २४ चा आकडा जसाच्या तसा मुलाबाळांकडे म्हणजे आतल्या सगळ्या घटकांकडे वारशाने जातो, आणि ४० पिक्सेलचं शीर्षकसुद्धा २४ पिक्सेलच्या ओळीत कोंबलं जातं. नुसतं १.६ लिहिलं की वारशाने प्रमाण जातं, ज्याचा जेवढा फॉन्ट तेवढी त्याची ओळ.

वाचनवेल
बाप रे, इतकं नेमकं उत्तर! आत्ताच बघते. पण रंगाचं काय? नियम बरोबर लिहिलाय, हेक्स कोड पण तपासला.

टपरीचहा
नियमापुढे इम्पॉर्टंट टाका, तो बाकीच्यांना हरवतो, आणि मोकळे व्हा.

निळीशाई
नको!! ताई, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. आज रंगाला इम्पॉर्टंट लावाल, उद्या मोबाइलवर तोच रंग वेगळा हवा असेल तर तिथे आणखी एक इम्पॉर्टंट, परवा दिवाळी अंकाच्या पानाला तिसरा. शेवटी कुठला नियम का जिंकतोय हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे अशाच अवस्थेतल्या साइट दुरुस्तीला येतात आणि निम्मा वेळ ते इम्पॉर्टंट उपसण्यात जातो.

आधी नियम का हरतोय ते बघा. कॉम्प्युटरवर शीर्षकावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट. डावीकडे पानाचा सांगाडा आणि बाजूला स्टाइल्सची यादी येईल. त्यात कलरच्या दोन-तीन ओळी दिसतील, त्यातल्या काहींवर काट मारलेली असेल. तुमची ओळ काट मारलेली दिसतेय का? तिच्या वर बिनकाटाची ओळ कुठली आहे आणि तिच्या आधी सिलेक्टर (नियम कुणाला लागू ते सांगणारं नाव) काय लिहिलाय तो इथे टाका. आणि यादीत तुमची ओळच नसेल तर प्रश्न वेगळा, मग सिलेक्टरचं नाव चुकलंय किंवा सेव्हच झालेलं नाही.

वाचनवेल
दिसली! माझी ओळ आहे पण काट मारलेली. मी लिहिलं होतं नुसतं एच२, म्हणजे शीर्षकाचा टॅग. वर जिंकणारी ओळ अशी आहे : हॅश कंटेंट, मग डॉट एंट्री-टायटल, मग ए. म्हणजे काय?

कारकून_निवृत्त
ताई, मी उभा जन्म सरकारी कचेरीत काढला आणि निवृत्तीनंतर नातवाबरोबर हे शिकलो, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. एच२ साठीचा तुमचा नियम म्हणजे 'सर्व कर्मचाऱ्यांस' असं काढलेलं परिपत्रक. थीमचा नियम म्हणजे विभाग, पद आणि नाव घालून एका माणसाच्या हातात दिलेला आदेश. परिपत्रक कितीही नंतरच्या तारखेचं असलं तरी नावाने निघालेला आदेश त्याला भारी. तारीख कधी बघायची, तर दोन्ही परिपत्रकं असतील किंवा दोन्ही सारख्याच तोलाचे आदेश असतील तेव्हा, मग जे नंतर लिहिलं ते लागू. ब्राउझर अगदी याच क्रमाने बघतो.

सह्यकडा
काका, हे मी उद्याच ऑफिसात नव्या पोरांना सांगणार!

फक्त मोजणी कशी होते तेवढी भर घालतो. तीन रकाने धरा : आयडी किती, क्लास किती, टॅग किती. थीमच्या नियमात एक आयडी (हॅशवाला), एक क्लास (डॉटवाला), एक टॅग, म्हणजे १-१-१. ताईंचा ०-०-१. डावीकडच्या रकान्यापासून तुलना करायची, तिथेच निकाल लागला तर पुढे बघायचंच नाही. हातचा येत नाही हे लक्षात ठेवा, दहा क्लास एकाला एक जोडून लिहिले तरी ते एका आयडीला हरवू शकत नाहीत. पानातच घटकाच्या अंगावर स्टाइल लिहिली असेल तर ती या सगळ्यांच्या वर, आणि इम्पॉर्टंट त्याच्याही वर.

शिवाय ताई, तुम्ही रंग दिलात एच२ ला आणि शीर्षक आहे लिंक, म्हणजे एच२ च्या आतला ए. रंग वारशाने आत जातो खरा, पण ए ला स्वतःचा नियम असेल तर वारसा बघितलाच जात नाही, तो नियम कितीही हलका असला तरी. म्हणजे तुमची ओळ दोन्हीकडून अडली होती. थीमचाच सिलेक्टर जसाच्या तसा उचला आणि त्यात तुमचा रंग लिहा. तोल सारखा झाला, आणि ॲडिशनल सीएसएस थीमच्या फाइलनंतर येतं म्हणून जिंकेल.

थीमवाल्यांनी मनावर घेतलं तर हे सगळं टळतं खरं. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत कॅस्केड लेयर, म्हणजे नियमांचे थर, आलेत. थीमने स्वतःचे नियम लेयरमध्ये ठेवले तर बाहेर लिहिलेला साधा ए चा नियमसुद्धा त्यातल्या आयडीवाल्या नियमाला हरवतो. पण जुन्या थीम कोण पुन्हा लिहितो.

वाचनवेल
झाला!!! रंग बदलला. लेटर-स्पेसिंगपण सापडलं, २ पिक्सेल होतं आणि सोबत अपरकेस, तुम्ही म्हणालात तसंच जोडीने. पण ते शून्य केलं तर इंग्रजी पुस्तकांची नावं जरा चेपल्यासारखी वाटतायत.

बोरूवाला
त्यासाठी लँग आहे ना. मी अक्षरांच्या धंद्यातला, म्हणून या विषयावर जरा जास्त बोलणार, कंटाळू नका.

पानाच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगमध्ये लँग हा गुण असतो, तुमच्या थीममध्ये तो बहुतेक 'इएन-यूएस' राहिलाय. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली की तो 'एमआर' होतो. इंग्रजी नावांना वेगळा लँग 'इएन' द्या. मग सीएसएसमध्ये कोलन लँग आणि कंसात भाषेचा कोड असा सिलेक्टर लिहिता येतो : मराठीला स्पेसिंग शून्य नि लाइन-हाइट १.५, इंग्रजीला जे होतं ते राहू दे. क्लास लावत बसायची गरज नाही.

आणि लँगचा दुसरा फायदा बऱ्याच जणांना माहीत नसतो. मराठीचा ल आणि श हिंदीहून वेगळा काढतात, आपला ल दोन वाट्यांचा, हिंदीचा उभ्या काठीवाला. ज्या फॉन्टात दोन्ही रूपं भरलेली असतात तिथे ब्राउझर लँग बघून मराठी रूप उचलतो. लँग 'इएन' ठेवलात तर तोच फॉन्ट, तोच मजकूर आणि ल मात्र हिंदी वळणाचा. शाळेच्या पोरांसाठी साइट असेल तर हे बघायलाच हवं, पाटीवर एक ल आणि पडद्यावर दुसरा असं का म्हणून?

आता तीन यंत्रांवर तीन फॉन्ट का. थीमच्या फॉन्ट-फॅमिलीत जी नावं आहेत ती सगळी रोमन फॉन्टची असणार. ब्राउझर पहिल्या नावात 'क' शोधतो, नाही मिळाला, दुसऱ्यात शोधतो, नाही मिळाला, मग यंत्रात जो देवनागरी फॉन्ट असेल तो लावतो. विंडोजवर निर्मला यूआय, जुन्या विंडोजवर मंगल, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाची उंची वेगळी म्हणून एका ठिकाणी उकार दिसतो, दुसऱ्या ठिकाणी कापला जातो. तुम्ही स्वतः एक वेबफॉन्ट द्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता मोफत आहे, बारीक ते ठळक सात वजनं आहेत त्यात, रोमन अक्षरंही त्याच हाताची. तुम्हाला साधा आणि ठळक अशी दोनच पुरतील, सगळी सात चढवू नका, फोनवर पान उघडायला वेळ लागतो.

निळीशाई
बोरूवाला, +१. एक पुरवणी, फॉन्टची फाइल स्वतः चढवणार असाल आणि त्यात युनिकोड-रेंज (हा फॉन्ट कुठल्या अक्षरांना वापरायचा ती पट्टी) देणार असाल तर नुसती देवनागरीची ०९०० ते ०९७एफ ही पट्टी देऊन थांबू नका. जोडणारी नि तोडणारी अदृश्य चिन्हं २००सी-२००डी त्या पट्टीच्या बाहेर आहेत, रुपयाचं चिन्ह २०बी९ तेही बाहेर. ती चिन्हं वगळली की काही ठिकाणी अक्षर मध्येच दुसऱ्या फॉन्टवर उडी मारतं. तपासायला 'दऱ्याखोऱ्या' आणि 'वर्गणी ₹१००' असं लिहून बघा, दोन्ही नीट दिसलं तर पास.

अटलांटिकपार
फॉन्टचा विषय निघालाच आहे तर जरा भरकटतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इकडे न्यू जर्सीत बसून मराठी पेपर वाचायचा म्हणजे सोहळा होता. प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून कॉम्प्युटरात बसवायचा, नाहीतर सगळं पान इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं. पुढे 'डायनॅमिक फॉन्ट' आले, पानाबरोबरच फॉन्ट यायचा, पण एका ब्राउझरला एक प्रकार आणि दुसऱ्याला दुसरा. त्यातला मजकूर कॉपी करून मेलमध्ये चिकटवला की पुन्हा खिचडी.

बोरूवाला
हो, कारण ते मराठी फक्त दिसायला मराठी होतं, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड होते. फॉन्ट काढला की मजकूरच नाहीसा. पानाबरोबर फॉन्ट पाठवायचा फॉन्ट-फेस नियम सीएसएस २ मध्ये म्हणजे १९९८ सालीच लिहिला गेला होता, पण सगळ्या ब्राउझरांत एकसारखा चालायला फार वर्षं गेली, २.१ मधून तर तो काढूनच टाकला होता. आज युनिकोड आहे, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे कोड आहेत, म्हणून रूप आणि मजकूर खऱ्या अर्थाने वेगळे झालेत. मराठीपुरतं बोलायचं तर स्टाइलशीटचा खरा उपयोग युनिकोड आल्यावरच सुरू झाला असं मी म्हणेन.

कोडकैरी
रूप आणि मजकूर वेगळे वगैरे पुस्तकी गोष्टी वाटतात मला. आमच्या टीममध्ये सगळं टेलविंडवर चालतं, छोटे छोटे क्लास थेट एचटीएमएलमध्ये लिहायचे, पॅडिंग इतकं, रंग हा, संपलं. वेगळी स्टाइलशीट उघडून शोधत बसायला नको, कुणाच्या नियमाने कुणाचं मोडतही नाही. वाचनवेल ताईंना जो त्रास झाला तो तिथे झालाच नसता.

निळीशाई
कोडकैरी, तुमच्यासारख्या टीमला ते सोयीचं आहे हे मान्य, कारण तुमचं एक बटण एकाच घटकात लिहिलेलं असतं आणि ते सगळीकडे वापरता. पण ताईंच्या साइटवर जुन्या नोंदींचा ढीग असणार, आणि नोंदी लिहिणारे वेगवेगळे स्वयंसेवक. प्रत्येक नोंदीत रंग-पॅडिंगचे क्लास टाकले तर उद्या रंग बदलायचा झाला की प्रत्येक नोंद उघडायची.

मी फॉन्ट टॅगच्या काळात काम केलेलं आहे. प्रत्येक परिच्छेदाला फॉन्ट टॅग, त्यात रंग, त्यात आकार. मांडणीसाठी टेबलात टेबल त्यात टेबल, आणि मध्ये जागा सोडायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचं. ग्राहकाने 'निळा जरा गडद करा' म्हटलं की रात्र गेली. हॉकन व्हिउम ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत असताना १० ऑक्टोबर १९९४ ला स्टाइलशीटचा पहिला प्रस्ताव मांडला, पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली आवृत्ती वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने शिफारस म्हणून जाहीर केली. तरी बरीच वर्षं भरवसा नव्हताच, नेटस्केप ४ मध्ये तर जावास्क्रिप्ट बंद केली की स्टाइलशीटही बंद पडायची.

लोकांना खरं पटलं ते २००३ मध्ये, डेव्ह शे यांच्या 'सीएसएस झेन गार्डन'मुळे. एकच एचटीएमएल, त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही, फक्त स्टाइलशीट बदलायची, आणि जगभरच्या डिझायनरांनी त्याच मजकुराची इतकी वेगवेगळी पानं करून दाखवली की मी पानाचा सोर्स उघडून पुन्हा पुन्हा ताडून बघत होते. याला पुस्तकी कसं म्हणणार?

कोडकैरी
झेन गार्डन बघितलं आत्ता. भारी आहे, मानलं. पण माझं मत कायम, टीम मोठी असेल तर क्लासच बरे.

परसातली_तुळस
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. तुम्ही सगळे बनवणाऱ्याच्या बाजूने बोलताय, वाचणाऱ्याचं काय? माझी नजर अधू आहे. पानाचं रूप ठरवायचा हक्क फक्त साइटवाल्याचा नाही, माझाही आहे, आणि हे मी भावनेने म्हणत नाही, सीएसएसमध्येच तसं लिहिलेलं आहे.

नियम तीन ठिकाणांहून येतात : ब्राउझरचे स्वतःचे, वाचकाचे, आणि साइटचे. साध्या नियमांत साइट वाचकाला हरवते. पण वाचकाने इम्पॉर्टंट लिहिलं तर ते साइटच्या इम्पॉर्टंटला हरवतं. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय, ज्याला वाचताच येत नाही त्याचा शब्द शेवटचा असावा म्हणून. वर ज्या पहिल्या प्रस्तावाचा उल्लेख आला त्यात तर लेखकाने आपल्या नियमापुढे टक्के लिहायची सोय होती, म्हणजे माझा आग्रह चाळीस टक्के, उरलेलं दुसऱ्यांना. ते पुढे टिकलं नाही, पण विचार तोच होता.

सफारीत आजही सेटिंग्जमध्ये स्वतःची स्टाइलशीट जोडता येते, फायरफॉक्समध्ये थोडी खटपट करून. क्रोमने ती सोय काढून टाकली, तिथे एक्स्टेंशन लागतं. मी सगळ्या पानांना पार्श्वभूमी फिकट पिवळी आणि अक्षर काळं असं करून ठेवलंय.

वाचनवेल, एक विनंती. फॉन्टचा आकार पिक्सेलमध्ये बांधू नका, रेममध्ये द्या, म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत. मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवते, रेम असलेलं पान त्याप्रमाणे मोठं होतं, पिक्सेलवालं जागचं हलत नाही. झूम करता येतं, पण मग सगळंच मोठं होतं, मेनूसुद्धा. आणि फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर कृपया नको. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५ ला १ असावा असा सर्वमान्य निकष आहे, इन्स्पेक्टमध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हे गुणोत्तर तिथेच दिसतं. वाचनालयात येणारे निम्मे लोक माझ्या वयाचे असतात.

वाचनवेल
तुळसताई, खरं सांगू, आमच्याकडे दुपारी पेपर वाचायला येणारे आजोबा डोळ्यासमोर आले. अक्षर रेममध्ये करतेय, राखाडी काढतेय. अध्यक्षांना लाल पट्टीवर पिवळी अक्षरं हवी होती, त्यांना आता गुणोत्तर दाखवते.

सह्यकडा
तुळसताई, तुमचा प्रतिसाद आमच्या टीमला वाचायला पाठवला आहे.

मांडवीकाठ
आमच्या पणजीच्या मंडळाच्या साइटवर मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत आहे. कोकणीला लँग काय द्यायचा? आणि शीर्षकं तिरकी केली की फार घाण दिसतात, त्यावर काही?

बोरूवाला
कोकणीला 'केओके'. लाइन-हाइट आणि स्पेसिंगचे नियम दोघांना सारखेच लागतील, सिलेक्टर स्वल्पविराम देऊन एकत्र लिहा.

तिरकं करू नका हे पहिलं उत्तर. बहुतेक देवनागरी फॉन्टात तिरपं रूप काढलेलंच नसतं, मग ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकडं करतो. फॉन्ट-सिंथेसिस नन लिहिलं की हा बनाव थांबतो, पण तोच नियम खोटं ठळकही थांबवतो, म्हणजे ठळक वजनाची फाइल खरोखर चढवलेली हवी. मराठी छपाईत जोर द्यायचा तर शब्द ठळक करतात किंवा अवतरणात घालतात, तेच पडद्यावरही करा.

चिमणबाग
अवांतर : यादीला आकडे १, २, ३ असे देवनागरीत हवे असतील तर लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी. एका ओळीचं काम आहे, हाताने आकडे टाइप करू नका.

कारकून_निवृत्त
हे माहीत नव्हतं. झकास!

वाचनवेल
आणखी एक विचारू का? दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी आम्ही फलकावर लावतो. पान थेट प्रिंट केलं तर वरचा मेनू, बाजूची पट्टी, खालचा नकाशा सगळं छापून येतं आणि यादी शेवटच्या पानावर. सध्या वर्डमध्ये पुन्हा टाइप करतोय.

निळीशाई
पुन्हा टाइप कशाला! मीडिया प्रिंट नावाचा विभाग लिहा, त्यातले नियम फक्त छापताना लागतात. मेनू, बाजूची पट्टी, तळपट्टी यांना डिस्प्ले नन. अक्षराचा आकार पॉइंटमध्ये, बारा-तेरा, फलकावर लावायचं तर चौदा. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड, म्हणजे लेखकाचं नाव एका पानावर आणि पुस्तकाचं दुसऱ्यावर असं होत नाही. गडद पार्श्वभूमी बहुतेक ब्राउझर छापतच नाहीत, त्यामुळे पांढरी अक्षरं असतील तर ती काळी करायला विसरू नका, नाहीतर कोऱ्या कागदावर कोरी अक्षरं. छापून बघायला कागद वाया घालवू नका, प्रिंट प्रिव्ह्यू बघा.

टपरीचहा
आमच्या सोसायटीच्या साइटवरून नोटीस छापली की 'आम्हाला फॉलो करा'चं चित्र पानभर येतं आणि नोटीस कोपऱ्यात. सेक्रेटरींना हा प्रतिसाद दाखवतो.

सह्यकडा
फोनबद्दल राहिलंच. पुस्तकांच्या चौकटींची उंची पिक्सेलमध्ये ठरवलेली असेल तर ती काढा, मिन-हाइट द्या. नुसती हाइट दिली की नाव दोन ओळींचं झालं तरी चौकट वाढत नाही, आणि मग ओव्हरफ्लो हिडन आपलं काम करतं. किती चौकटी एका ओळीत हे हाताने ठरवू नका. ग्रिड घ्या, रकान्यांना ऑटो-फिल आणि मिनमॅक्स, कमीत कमी १० रेम, जास्तीत जास्त १ एफआर (म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा). रुंद पडद्यावर पाच येतील, फोनवर दोन, एकही मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम) न लिहिता. २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांनी ग्रिड आणलं, त्यामुळे आता जुन्या ब्राउझरांची चिंता नको.

लांबलचक मराठी शब्द अरुंद चौकटीबाहेर जात असतील तर ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड. वर्ड-ब्रेक ब्रेक-ऑल नको, तो जागा असली तरी शब्द कुठेही तोडतो, 'ग्रंथा' वरती आणि 'लय' खालती.

हे सगळं ॲडिशनल सीएसएस किंवा चाइल्ड थीममध्येच (मूळ थीमवर बेतलेली तुमची वेगळी थीम) लिहा. थीमच्या मूळ फाइलला हात लावलात तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल.

वाचनवेल
मंडळी, केलं. हाइट काढून मिन-हाइट, शीर्षकाला १.४५, लँग मराठी, मुक्ताची दोन वजनं. 'मुलांसाठी पुस्तके' आता पूर्ण दिसतंय, उकारांसकट. फक्त ग्रंथपालांच्या फोनवर अजून जुनंच दिसतंय, त्यांना वाटतंय मी काही केलंच नाही.

चिमणबाग
कॅश. त्यांच्या फोनने जुनी स्टाइलशीट साठवून ठेवलीय. ब्राउझरच्या सेटिंगमधून साठवलेल्या फाइल पुसायला सांगा. साइटवर कॅशचं प्लगइन असेल तर ते आधी रिकामं करा, नाहीतर बाकीच्यांनाही जुनंच जात राहील.

अटलांटिकपार
या निमित्ताने एक विचारतो. माझ्या ब्लॉगवर लिंकखालची रेघ उकाराजवळ आली की मध्येच तुटते, 'गुरुकुल'सारख्या शब्दाखाली तर नुसते ठिपके राहतात. फॉन्ट बदलून झाला, तरी तेच.

बोरूवाला
फॉन्ट नका बदलू. ब्राउझर मुद्दाम रेघ तोडतो, अक्षराला छेद जाऊ नये म्हणून. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.३ एम (अक्षराच्या आकाराच्या ०.३ पट) देऊन रेघ उकारांच्या खाली सरकवा, आणि लिंकची लाइन-हाइट १.७ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर तीच रेघ खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर बसेल.